थेट वारसा आणि अप्रत्यक्ष वारसा: मधल्या क्लासचा अधिकार नेमका किती?

फळाखडू

नमस्कार. तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. वारसा म्हणजे एका क्लासने, म्हणजे ऑब्जेक्टच्या आराखड्याने, दुसऱ्या क्लासमध्ये लिहिलेले आपले म्हणून घेणे. पाठ्यपुस्तकातली त्याची व्याख्या सोपी आहे: 'ब' या क्लासच्या घोषणेत 'एक्स्टेंड्स अ' असे लिहिले असेल, तर 'अ' हा 'ब'चा थेट पूर्वज, आणि 'क'च्या घोषणेत 'एक्स्टेंड्स ब' असे असेल, तर 'अ' हा 'क'चा अप्रत्यक्ष पूर्वज. मुले हे पाठ करतात आणि आकृतीही बिनचूक काढतात. मात्र तेवढ्यावर थांबले, तर भाषेने वारशाच्या दोन वेगवेगळ्या सोयी करून ठेवल्या आहेत आणि आजोबा क्लासकडून नातवाला काहीतरी परस्पर मिळते, असे चित्र त्यांच्या मनात राहते. हे चित्र मला बरोबर वाटत नाही. ते का बरोबर नाही, हे नेमक्या शब्दांत मांडता यावे यासाठी हा धागा काढत आहे.

वर्गात मी स्विंग या खिडक्या-बटणे बनवण्याच्या जावा लायब्ररीतल्या जे-बटन या क्लासचे उदाहरण घेतो. त्याचा थेट पूर्वज ॲबस्ट्रॅक्ट-बटन, त्याचा जे-कंपोनंट, त्याचा कंटेनर, त्याचा कंपोनंट आणि सर्वांत वर ऑब्जेक्ट याच नावाचा क्लास. बटणावरचा मजकूर बदलणारी सेट-टेक्स्ट ही मेथड (ऑब्जेक्टकडून करून घेता येणारे काम) ॲबस्ट्रॅक्ट-बटनमध्ये लिहिलेली आहे, माऊसचा बाण वर नेल्यावर दिसणारी सूचना ठरवणारी सेट-टूलटिप-टेक्स्ट जे-कंपोनंटमध्ये, आत दुसरा घटक बसवणारी ॲड कंटेनरमध्ये आणि पडद्यावरची जागा ठरवणारी सेट-लोकेशन कंपोनंटमध्ये. या सगळ्या मेथड जे-बटनच्या ऑब्जेक्टवर सारख्याच पद्धतीने वापरता येतात आणि वापरणाऱ्याला कोणती कुठून आली याचा पत्ताही लागत नाही. जे-बटनच्या घोषणेत मात्र यांपैकी एकाच क्लासचे नाव आहे.

मुलांकडून आलेले तीन प्रश्न इथे ठेवतो. पहिला असा की, अप्रत्यक्ष वारसा ही वेगळी यंत्रणा आहे की थेट वारशाचीच पुनरावृत्ती. दुसरा एका लहानशा प्रोग्रामवरून आला. 'खाते' नावाचा क्लास 'व्याजपात्र' हा इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात याची यादी) इम्प्लिमेंट करतो, म्हणजे त्या मेथड पुरवतो, आणि 'बचतखाते' हा क्लास 'खाते'ला एक्स्टेंड करतो. बचतखात्याचे ऑब्जेक्ट व्याजपात्र आहे का, असे इन्स्टन्स-ऑफने विचारले की उत्तर होकारार्थी येते. पण बचतखाते या क्लासवर गेट-इंटरफेसेस ही मेथड चालवली की रिकामा ॲरे, म्हणजे रिकामी यादी, परत येते. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी कशी? तिसरा प्रश्न असा की, मधल्या क्लासने एखादी मेथड बदललेली असताना नातू क्लासला आजोबांची मूळ मेथड बोलावता येते का, आणि येत नसेल तर का नाही.

नदीकाठ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते जावाच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. गेट-इंटरफेसेस ही मेथड त्या क्लासने थेट इम्प्लिमेंट केलेले, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घोषणेत नाव असलेले इंटरफेसच परत देते. बचतखात्याच्या घोषणेत इम्प्लिमेंट्स हा शब्दच नसेल, तर रिकामा ॲरे हेच योग्य उत्तर आहे. गेट-सुपरक्लासही असेच, फक्त एक पायरी वरचा क्लास सांगते आणि ऑब्जेक्ट या क्लासवर चालवली तर नल परत करते. इन्स्टन्स-ऑफ मात्र साखळी कितीही लांब असली तरी ती पूर्ण पाहते.

हा भेद न पाहिल्यामुळे प्रत्यक्ष कामात अडचण येते ती डायनॅमिक प्रॉक्सी, म्हणजे दुसऱ्या ऑब्जेक्टच्या वतीने वागणारे ऑब्जेक्ट, तयार करताना. एखाद्या ऑब्जेक्टच्या क्लासवर गेट-इंटरफेसेस चालवायचे आणि मिळालेली यादी जशीच्या तशी प्रॉक्सी बनवणाऱ्या मेथडला द्यायची, असा कोड बऱ्याच ठिकाणी दिसतो. क्लासने इंटरफेस स्वतः इम्प्लिमेंट केला असेल तोपर्यंत तो नीट चालतो. पण कोणी त्या क्लासचा उपक्लास करून त्याचे ऑब्जेक्ट दिले की यादी रिकामी होते आणि पुढे कास्ट करताना, म्हणजे ऑब्जेक्ट त्या इंटरफेसच्या टाइपचे म्हणून घेताना, क्लास-कास्ट-एक्सेप्शन ही चूक येते. चूक कास्टच्या ओळीवर दिसते, तिचे मूळ मात्र यादी तयार करणाऱ्या ओळीत असते. पूर्ण यादी हवी असेल तर गेट-सुपरक्लासने एकेक पायरी वर जात प्रत्येक पायरीवरचे इंटरफेस, आणि त्या इंटरफेसचेही पूर्वज इंटरफेस, गोळा करावे लागतात.

मेथडच्या बाबतीतही अशीच जोडी आहे. गेट-डिक्लेअर्ड-मेथड्स फक्त त्या क्लासमध्ये लिहिलेल्या मेथड देते, त्यांत प्रायव्हेट (फक्त त्याच क्लासपुरत्या) मेथडही येतात. गेट-मेथड्स वारशाने आलेल्या मेथडही देते, पण त्यांतल्या पब्लिक (सर्वांना खुल्या) तेवढ्याच.

जुनी वही

फळाखडू सर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर भाषानिर्देशाच्या, म्हणजे भाषेचे नियम ठरवणाऱ्या अधिकृत दस्तऐवजाच्या, शब्दरचनेतच आहे आणि मला ते वर्गात सर्वांत आधी सांगण्यासारखे वाटते. जावाचा भाषानिर्देश आधी फक्त थेट उपक्लास म्हणजे काय ते ठरवतो. त्यानंतर तो म्हणतो की, उपक्लास हे नाते म्हणजे थेट उपक्लास हे नाते पुन्हा पुन्हा जोडत गेल्यावर जे मिळते ते. अप्रत्यक्ष वारशासाठी वेगळी सोय, वेगळा कीवर्ड किंवा वेगळा नियम भाषेत नाही. थेट नाते प्रोग्रामरने लिहिलेले असते. अप्रत्यक्ष नाते त्यावरून काढलेला निष्कर्ष असतो.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. एखाद्या क्लासला कोणते मेंबर (मेथड, चल वगैरे) वारशाने मिळतात हे ठरवतानाही निर्देश फक्त थेट पूर्वजांकडे पाहतो. 'क'ला काय मिळेल, हे 'ब'कडे काय आहे यावरून ठरते. 'अ'कडे काय आहे, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. 'अ'ची मेथड 'क'पर्यंत पोहोचते, कारण ती आधी 'ब'ची मेंबर झालेली असते. साखळीतला प्रत्येक दुवा आपल्याला मिळालेले पुढे देतो आणि एखाद्या दुव्याला काही मिळालेच नाही, तर त्याच्या खालच्यांनाही ते मिळत नाही.

हे नुसते शब्दांचे म्हणणे नाही, कंपायलरकडून, म्हणजे कोड तपासून त्याचे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामकडून, ते तपासून घेता येते. 'अ' हा क्लास एका पॅकेजमध्ये (क्लासांच्या गटात) ठेवा आणि त्यात कोणताही ॲक्सेस शब्द न लिहिता एक मेथड लिहा, म्हणजे ती फक्त त्या पॅकेजपुरती राहील. 'ब' हा उपक्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये ठेवा. 'क' हा 'ब'चा उपक्लास पुन्हा पहिल्या पॅकेजमध्ये आणा. आता 'क' आणि 'अ' एकाच पॅकेजमध्ये आहेत आणि 'अ' हा 'क'चा पूर्वजही आहे. तरीही 'क' या टाइपच्या चलावर ती मेथड बोलावली की कंपायलर ती सापडत नाही असे सांगतो. 'ब' वेगळ्या पॅकेजमध्ये असल्याने त्याला ती वारशाने मिळाली नाही, म्हणून 'क'लाही नाही. त्याच ऑब्जेक्टला 'अ' या टाइपमध्ये कास्ट केले की मेथड बोलावता येते, कारण ऑब्जेक्ट 'अ'चे आहेच. पूर्वज असणे आणि त्याच्याकडून मेंबर मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना दाखवण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

सी प्लस प्लसमध्ये हीच गोष्ट अधिक ठसठशीत होते, कारण तिथे प्रत्येक दुव्यावर पब्लिक, प्रोटेक्टेड (वंशजांपुरते खुले) किंवा प्रायव्हेट असे लिहिता येते. 'ब'ने 'अ'चा वारसा प्रायव्हेट घेतला आणि 'क'ने 'ब'चा वारसा पब्लिक घेतला, तर 'अ'चे पब्लिक मेंबरसुद्धा 'क'च्या हाती लागत नाहीत. इतकेच काय, 'क'च्या मेथडमध्ये 'अ' हे क्लासचे नाव साधेपणाने लिहिले तरी कंपायलर अडवतो, कारण ते नाव आधी 'ब'मधून आलेले सापडते आणि ते तिथे प्रायव्हेट झालेले असते. नावाआधी दोन विसर्गचिन्हे लावून सर्वांत बाहेरच्या स्कोपमधले 'अ' असे सांगावे लागते. मधल्या दुव्याचा अधिकार किती दूर जातो, याचा हा पुरावा आहे.

ही कल्पना जावाच्या कितीतरी आधीची आहे. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६७ च्या सुमारास सिम्युला ६७ ही भाषा घडवली, तेव्हा क्लासच्या घोषणेआधी दुसऱ्या एकाच क्लासचे नाव उपसर्गासारखे लिहिण्याची सोय त्यांनी दिली. त्या क्लासच्या आधी आणखी एखादे नाव असू शके, आणि त्यातून साखळी तयार होई. लिहायचे एकच नाव आणि बाकीचे निष्कर्षाने मिळवायचे, ही रचना तिथपासून चालत आलेली आहे.

फळाखडू

जुनी वही, मनापासून आभार. पॅकेजचे उदाहरण उद्याच फळ्यावर घेईन. आपल्या उत्तरावरून तिसऱ्या प्रश्नाचीही दिशा दिसते, पण त्यावर कोणी सविस्तर लिहिले तर बरे होईल. मुले दोन पायऱ्या वर जाण्यासाठी सुपर-डॉट-सुपर असे लिहून पाहतात, कंपायलर नाही म्हणतो आणि त्यामागचे कारण समजावून सांगणारे पुस्तक हाताशी नसते.

ओसरी

तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. जावामध्ये पूर्वजाची मेथड बोलावणारा सुपर हा शब्द एकच पायरी वर जातो आणि दोन पायऱ्या वर जाण्याची सोय मुद्दाम दिलेली नाही. समजा 'खाते' या क्लासमध्ये पैसे काढण्याची मेथड आहे. 'बचतखाते' तीच मेथड ओव्हरराइड करून, म्हणजे आपल्यापुरती नव्याने लिहून, किमान शिल्लक राहते आहे का ते तपासतो आणि मगच सुपरमार्फत मूळ मेथड बोलावतो. आता 'ज्येष्ठनागरिक-बचतखाते' या उपक्लासला थेट 'खाते'ची मेथड बोलावता आली असती, तर किमान शिल्लक तपासण्याची अट त्याने बाजूला सारली असती. बचतखाते लिहिणाऱ्याने आपल्या क्लासच्या प्रत्येक ऑब्जेक्टबद्दल एक हमी दिली होती, ती त्याच्याच वंशातल्या क्लासने मोडली असती. मधल्या क्लासने घातलेल्या अटी खालच्या प्रत्येक क्लासलाही लागू राहाव्यात, यासाठी वाट त्याच्यातूनच जायला हवी.

ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कन्स्ट्रक्टरलाही हाच नियम आहे आणि तिथे तो मुलांना लवकर पटतो. ज्येष्ठनागरिक-बचतखात्याचा कन्स्ट्रक्टर फक्त बचतखात्याच्या कन्स्ट्रक्टरला बोलावू शकतो. तो खात्याच्या कन्स्ट्रक्टरला बोलावतो आणि तो ऑब्जेक्टच्या. कामाला सुरुवात सर्वांत वरून होते आणि प्रत्येक पायरी आपापला भाग पूर्ण करून खाली येते. आजोबा क्लासला कोणती मूल्ये द्यायची हे नातू ठरवत नाही, ते पालक ठरवतो.

सी प्लस प्लसमध्ये मात्र क्लासचे नाव लिहून कोणत्याही पायरीवरची मेथड बोलावता येते, बशर्ते ती तिथून ॲक्सेस करता येत असेल. भाषा अडवत नाही म्हणून तसे करावे, असे मला वाटत नाही. ज्या ठिकाणी नातवाला पालकाची मेथड चुकवून आजोबांची मेथड हवी असते, तिथे बहुधा तो क्लास त्या पालकाखाली असायलाच नको असतो. त्याला थेट आजोबांचा उपक्लास करावे, किंवा दोघांना सामाईक असलेला भाग वेगळ्या मेथडमध्ये काढून ती प्रोटेक्टेड ठेवावी.

सातपुडा

चर्चा जावा आणि सी प्लस प्लसभोवती फिरते आहे. मुलांना संगणकासमोर बसवून हे दाखवायचे असेल तर पायथन ही भाषा अधिक सोयीची आहे, कारण प्रत्येक प्रश्न एका ओळीत विचारता येतो. दोन्ही बाजूंना दुहेरी अधोरेषा असलेला बेसेस हा गुणधर्म थेट पूर्वज सांगतो आणि तसाच लिहिला जाणारा एमआरओ हा गुणधर्म थेट व अप्रत्यक्ष अशा सर्व पूर्वजांची क्रमवार यादी देतो. बूल या क्लासवर बेसेस पाहिला तर त्यात फक्त इंट दिसतो. एमआरओ पाहिला तर बूल, इंट आणि ऑब्जेक्ट असे तिन्ही दिसतात. ट्रू हे इंटचे ऑब्जेक्ट आहे का, असे इज-इन्स्टन्सने विचारले की होकार येतो, आणि ट्रू अधिक ट्रू यांचे उत्तर दोन येते. बूलला बेरजेची मेथड स्वतःची नाही, ती इंटकडून आलेली आहे. उलट दिशेने पाहायचे असेल तर सबक्लासेस ही मेथड आहे, पण तीही फक्त थेट उपक्लास देते. सगळा वंश हवा असेल तर एकेका पायरीने खाली उतरावे लागते.

खरा व्यावहारिक परिणाम मात्र एक्सेप्शनमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राम कळवतो त्या चुकांमध्ये, दिसतो. झिरो-डिव्हिजन-एररचा थेट पूर्वज अरिथमेटिक-एरर, त्याचा एक्सेप्शन आणि त्याचा बेस-एक्सेप्शन. की-एरर आणि इंडेक्स-एरर हे दोघे लुकअप-एररचे थेट उपक्लास आहेत. चूक पकडणाऱ्या एक्सेप्टच्या ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि जी पहिली जुळते ती चालते. जुळणे म्हणजे थेट किंवा अप्रत्यक्ष, कोणत्याही पायरीवरचा पूर्वज असणे. त्यामुळे एक्सेप्शनची ओळ आधी आणि की-एररची नंतर लिहिली, तर दुसरी ओळ कधीच चालत नाही आणि पायथन त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. जावामध्ये हीच चूक केली, म्हणजे आयओ-एक्सेप्शन आधी पकडून मग फाइल-नॉट-फाउंड-एक्सेप्शन पकडायला गेले, तर कंपायलर प्रोग्राम पुढे जाऊ देत नाही. या बाबतीत जावाची शिस्त मला अधिक भावते.

थेट पूर्वज कोणता निवडायचा, हा निर्णय किती जबाबदारीचा असतो हेही एक्सेप्शनवरून समजते. कीबोर्ड-इंटरप्ट आणि सिस्टिम-एक्झिट हे क्लास पायथन २.५ पासून एक्सेप्शनच्या खाली नाहीत, ते थेट बेस-एक्सेप्शनखाली आहेत. लोक सर्रास एक्सेप्शन पकडतात आणि त्यात वापरकर्त्याने दाबलेले कंट्रोल-सीसुद्धा गिळले जाई. एका पायरीच्या बदलाने ते थांबले. असिंक-आयओ या पायथनच्या लायब्ररीतला, काम रद्द झाल्याचे कळवणारा कॅन्सल्ड-एरर याच कारणाने पायथन ३.८ मध्ये एक्सेप्शनच्या वंशातून काढून थेट बेस-एक्सेप्शनखाली नेला गेला. क्लासचे नाव तेच राहिले, त्याला पकडणाऱ्या कोडमध्ये एक अक्षर बदलले नाही, आणि तरीही जगभरच्या कितीतरी प्रोग्रामांचे वागणे बदलले.

जुनी वही

सातपुडा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून जावामधली एक घटना सांगतो. स्टॅक हा क्लास जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून व्हेक्टर या यादी सांभाळणाऱ्या क्लासचा थेट उपक्लास आहे. सुरुवातीला व्हेक्टरचा पूर्वज फक्त ऑब्जेक्ट होता. १९९८ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीत कलेक्शन्सची नवी रचना आली, तेव्हा व्हेक्टरला ॲबस्ट्रॅक्ट-लिस्टचा उपक्लास केले गेले आणि तो लिस्ट हा इंटरफेस इम्प्लिमेंट करू लागला. स्टॅकच्या घोषणेत पूर्वीही व्हेक्टर होता आणि नंतरही व्हेक्टरच राहिला. पण त्या दिवसापासून स्टॅक अप्रत्यक्षपणे लिस्ट झाला, आणि स्टॅकच्या मधोमध घटक घुसवणे किंवा मधला घटक काढून टाकणे लिस्टच्या मेथडनीही शक्य झाले. व्हेक्टरच्या स्वतःच्या मेथडनी ते आधीही करता येत होतेच. मूळची चूक व्हेक्टरला पालक करण्याची होती आणि नव्या पूर्वजांनी ती आणखी रुंद केली.

ज्याचे घटक फक्त वरून ठेवायचे आणि वरूनच काढायचे, अशा रचनेला हे सर्व मिळावे हे मला आजही चुकीचे वाटते. जावाचा दस्तऐवजही आता स्टॅकऐवजी डेक हा इंटरफेस आणि त्याचे क्लास वापरायला सांगतो.

म्हणून वर्गात मी एक वाक्य आवर्जून सांगेन: एक्स्टेंड्सच्या पुढे नाव एकच लिहिले जाते, पण स्वीकार त्या नावाच्या वरच्या प्रत्येक क्लासचा होतो, आणि भविष्यात तिथे जे येईल त्याचाही होतो. २०२३ च्या जावा २१ मध्ये लिस्टच्या वर सीक्वेन्स्ड-कलेक्शन हा नवा इंटरफेस बसवला गेला, आणि लिस्ट इम्प्लिमेंट करणाऱ्या जगातल्या प्रत्येक क्लासला, कोणी कधीही लिहिलेला असो, गेट-फर्स्ट आणि रिव्हर्स्ड या मेथड मिळाल्या. एखाद्याने आपल्या क्लासमध्ये रिव्हर्स्ड या नावाचीच मेथड वेगळ्या रिटर्न टाइपने लिहिलेली असेल, तर नव्या आवृत्तीवर त्याचा कोड कंपाइल होणे थांबते. वारशाची साखळी लांब असेल तितका हा धोका अधिक.

नदीकाठ

जुनी वही यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. साखळीची लांबी हाच दोष मानून मुलांनी प्रत्येक खोल वंश टाळावा असे होऊ नये. जे-बटनच्या पाच पूर्वजांपैकी प्रत्येकाची बहुतेक आश्वासने बटणाला खरोखर लागू पडतात: ते पडद्यावर दिसते, त्याला जागा असते, त्याला सूचना जोडता येते. एकच पायरी असूनही स्टॅक आणि व्हेक्टर यांची जोडी चुकीची आहे. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेली कसोटी इथे उपयोगी पडते. पूर्वजाचे ऑब्जेक्ट जिथे चालते तिथे उपक्लासचे ऑब्जेक्ट ठेवले तर प्रोग्रामचे वागणे बिघडता कामा नये. ही कसोटी पालकापुरती लावून थांबायचे नसते, ती साखळीतल्या प्रत्येक पूर्वजाला लावावी लागते. जावाच्या टाइमस्टॅम्प या क्लासच्या दस्तऐवजात तर असे स्पष्ट बजावले आहे की, हा क्लास डेटचा उपक्लास असला तरी त्याच्या ऑब्जेक्टकडे सरसकट डेटचे ऑब्जेक्ट म्हणून पाहू नये, कारण हा वारसा टाइपचा नसून आतल्या कोडपुरता आहे.

ओसरी

सातपुडा यांना एक विचारायचे आहे. पायथनमध्ये एका क्लासला एकापेक्षा जास्त थेट पूर्वज असू शकतात. मग सुपर म्हणजे नेमका कोणता पूर्वज? वर मी लिहिलेला नियम, की सुपर नेहमी एक पायरी वर जातो, तिथे टिकतो का?

सातपुडा

तो नियम पायथनमध्ये जसाच्या तसा टिकत नाही आणि हा भेद समजून घेण्यासारखा आहे. 'ब' आणि 'क' हे दोघे 'अ'चे थेट उपक्लास आहेत आणि 'ड'च्या घोषणेत 'ब, क' अशी दोन्ही नावे आहेत असे समजा. 'ड'चा एमआरओ येतो तो ड, ब, क, अ, ऑब्जेक्ट असा. पायथन २.३ पासून हा क्रम सी-थ्री नावाच्या पद्धतीने काढला जातो. ती पद्धत १९९६ मध्ये डिलन या भाषेच्या निमित्ताने मांडली गेली होती. तिचे दोन नियम लक्षात ठेवावेत: कोणताही क्लास आपल्या पूर्वजांच्या आधी येतो, आणि घोषणेत लिहिलेला थेट पूर्वजांचा क्रम मोडला जात नाही.

सुपर पाहतो तो या यादीतला पुढचा क्लास. त्यामुळे 'ड'च्या ऑब्जेक्टवर 'ब'ची मेथड चालू असताना तिच्यातला सुपर 'क'कडे जातो, आणि 'क' हा 'ब'चा थेट पूर्वज नाही आणि अप्रत्यक्षही नाही. 'ब' लिहिणाऱ्याला 'क' अस्तित्वात असल्याचीही कल्पना नसेल. म्हणून अनेक पूर्वज असलेल्या रचनेत प्रत्येक क्लासने आपल्या मेथडमधून सुपर बोलावणे आणि सर्वांनी सारखेच आर्ग्युमेंट स्वीकारणे गरजेचे होते. एकाने टाळले की पुढच्या सगळ्यांची पाळी हुकते.

याच पद्धतीमुळे आणखी एक गोष्ट घडते. 'ब' हा 'अ'चा उपक्लास असताना नव्या क्लासच्या घोषणेत 'ब, अ' असे लिहिले तर चालते, आणि 'अ' तेव्हा एकाच वेळी थेट पूर्वजही असतो आणि अप्रत्यक्षही. तीच नावे 'अ, ब' अशी उलट लिहिली तर पायथन टाइप-एरर देऊन थांबतो, कारण पूर्वज आधी आणि वंशज नंतर असा क्रम सी-थ्रीच्या पहिल्या नियमात बसत नाही. जावामध्ये ॲरे-लिस्टच्या घोषणेतही लिस्ट पुन्हा लिहिलेला आहे, जरी तो ॲबस्ट्रॅक्ट-लिस्टकडून आलेलाच असतो. तिथे त्याने टाइपमध्ये काही फरक पडत नाही, मात्र नदीकाठ यांनी सांगितलेल्या गेट-इंटरफेसेसच्या उत्तरात तो दिसू लागतो.

जुनी वही

सी प्लस प्लसमध्ये याच हिऱ्याच्या आकाराच्या रचनेत ओसरीताईंच्या कन्स्ट्रक्टरच्या नियमाला एक अपवाद आहे. तो सांगितला नाही तर चित्र अपुरे राहील. तिथेही कन्स्ट्रक्टर एरवी फक्त थेट पूर्वजांना मूल्ये देऊ शकतो. पण 'ब' आणि 'क' यांनी 'अ'चा वारसा व्हर्च्युअल घेतला असेल, म्हणजे 'ड'च्या ऑब्जेक्टमध्ये 'अ'चा भाग एकदाच असावा अशी व्यवस्था केली असेल, तर त्या सामाईक भागाला मूल्ये कोणी द्यायची हा प्रश्न उरतो. 'ब'ने दिली तर 'क'चे काय, आणि 'क'ने दिली तर 'ब'चे काय? भाषेचे उत्तर असे की, जो क्लास प्रत्यक्षात तयार होत आहे, म्हणजे 'ड', त्यानेच 'अ'चा कन्स्ट्रक्टर बोलवायचा. 'ब' आणि 'क' यांनी 'अ'ला दिलेली मूल्ये त्या वेळी विचारात घेतली जात नाहीत. कन्स्ट्रक्टरच्या बाबतीत नातवाने आजोबांशी थेट बोलायचे, अशी ही एकच जागा. भाषेच्या प्रमाण लायब्ररीत वाचनाचा आयस्ट्रीम आणि लेखनाचा ओस्ट्रीम हे दोघे बेसिक-आयओएसचा वारसा याच रीतीने घेतात, म्हणून दोघांपासून बनलेल्या आयओस्ट्रीममध्ये प्रवाहाची स्थिती एकदाच साठवली जाते.

फळाखडू

सर्वांचे आभार. आता एकच शंका उरली आहे. जावा १७ मध्ये सील्ड क्लास, म्हणजे आपले उपक्लास कोण असू शकतात हे ठरवून देणारे क्लास, आले. त्यात परमिट्सच्या पुढे दिलेली नावे थेट उपक्लासची असतात की संपूर्ण वंशाची? आणि एखाद्या अप्रत्यक्ष उपक्लासला त्या यादीबाहेर ठेवता येते का?

नदीकाठ

परमिट्सची यादी थेट उपक्लासपुरती असते आणि त्यातल्या प्रत्येकाने पुढे काय होईल ते स्वतः जाहीर करायचे असते. तो फायनल असेल तर वंश तिथेच थांबतो. तो सील्ड असेल तर त्याची स्वतःची परमिट्स यादी असते. तो नॉन-सील्ड असेल तर त्याच्याखाली कोणीही, कितीही पायऱ्यांपर्यंत, उपक्लास करू शकतो आणि ते सर्व मूळ सील्ड क्लासचे अप्रत्यक्ष उपक्लास ठरतात, जरी त्यांची नावे वरच्या यादीत कुठेच नसली तरी. तुमच्या उदाहरणात 'खाते' सील्ड करून 'बचतखाते' नॉन-सील्ड ठेवले, तर ज्येष्ठनागरिक-बचतखात्याला 'खाते'ची परवानगी लागत नाही.

जावा २१ पासून स्विचमध्ये, म्हणजे अनेक पर्यायांतून (केसमधून) एक निवडणाऱ्या रचनेत, टाइपनुसार केस लिहिता येतात, तिथेही हाच हिशेब चालतो. 'खाते' ॲबस्ट्रॅक्ट असेल, म्हणजे त्याचे स्वतःचे ऑब्जेक्ट बनत नसेल, तर त्याच्या सर्व परवानगीप्राप्त थेट उपक्लासांसाठी केस लिहिल्या की कंपायलर स्विच पूर्ण मानतो आणि डिफॉल्ट मागत नाही. ज्येष्ठनागरिक-बचतखाते बचतखात्याच्या केसमध्ये आपोआप येते. त्याच्यासाठी वेगळी केस हवी असेल, तर ती बचतखात्याच्या केसच्या आधी लिहावी लागते, आणि नंतर लिहिली तर कंपायलर एक्सेप्शनच्या ओळींप्रमाणेच तिथेही अडवतो.